मशीन कुठं ठेवायचं

नवरा दुकानाच्या दाराला टेकून रस्त्यापलीकडे बघत उभा होता आणि त्याची बोटं चौकटीवर ठेका धरत होती. आत मशीनवर कुणाच्या तरी पँटची चेन बदलत बसलेल्या बायकोच्या कानावर तो ठेका गेला, तशी मान वर न करता ती म्हणाली, "नाही म्हणजे नाही."

"मी काही बोललो का?"

"तुमची बोटं बोलतायत."

पलीकडे पूर्वी छापखाना होता. मालक म्हातारा झाला, त्यानं यंत्रं भंगारात काढली आणि जागा एका तरुण जोडप्याला दिली. त्या दोघांनी भिंतीचा गिलावा खरवडून आतल्या विटा उघड्या पाडल्या, छताला तारांनी दिवे टांगले आणि कॉफी विकायला सुरुवात केली. आता सकाळपासून तिथं रांग लागायची. छापखान्यापुढे कधी रांग लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

शहराच्या ऐन मध्यावरचा हा रस्ता गेली काही वर्षं अंगात आल्यासारखा बदलत होता. टोपीवाल्याच्या जागी व्यायामशाळा आली. कागदविक्याच्या जागी आधी केकचं दुकान, मग नखं रंगवायचं दुकान आलं, आणि आता तिथं कुत्र्यांचे केस कापत होते. पण हे सगळं इतरांच्या बाबतीत. या नवराबायकोच्या दुकानाला रस्त्याची वाट बघायची गरज कधी पडलीच नाही. नवऱ्याला सगळा रस्ता 'पाटीवाले' म्हणायचा, कारण त्याच्या दुकानावरची पाटी पुरती वाळायच्या आत बदलते, असा लोकांचा समज होता, आणि तो फारसा खोटाही नव्हता.

सासऱ्यांचं दुकान खिळे-बिजागऱ्यांचं. ते गेले आणि वर्षाच्या आत नवऱ्यानं बिजागऱ्या काढून कॅसेट भरल्या. कॅसेट ऐकणारे संपले तेव्हा भेटवस्तू आल्या, मग मोबाइलची कव्हरं, मग फळांचा रस. लाट ओसरायला लागली की हा तिच्यावर स्वार व्हायचा. मात्र प्रत्येक वेळी दुकान मांडतानाचा त्याचा उत्साह बघण्यासारखा असायचा. जेवणखाण विसरून तो फळ्या ठोकायचा, रंग घोटायचा, दिवा इथं लावू की तिथं म्हणून शिडीवरून चारदा उतरून बघायचा. दुकान एकदाचं सुरू झालं की महिना-दोन महिन्यांत त्याचा चेहरा आंबायला लागायचा.

या सगळ्यात बायकोचं शिलाई मशीन दुकानभर फिरत राहिलं. ती लोकांचे उसवलेले कपडे शिवायची, चेन बदलायची, रफू करायची. रफू तर असं की फाटलं कुठं होतं हे नेसणाऱ्यालाही शोधावं लागायचं. रस्ता तिला रफूवहिनी म्हणायचा. कॅसेटच्या काळात तिचं मशीन मागच्या अंधारात गेलं, भेटवस्तूंच्या काळात काचेच्या कपाटाआड, आणि रसाच्या काळात थेट फळांच्या पेट्यांना चिकटून. एक वकीलबाई कोट परत घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, शिलाई फार सुरेख झालीय, पण कोर्टात मुंग्या निघाल्या हो." दुकानातलं काहीही टिको न टिको, घरात चूल मात्र या मशीनमुळं थंड पडली नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नसत.

त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ सुट्टीवर आला. घरात सगळ्यांत लहान म्हणून तो बारक्या. एरवी आता तो दारातून आत यायचा तर जरा तिरकं व्हावं लागायचं. एका बड्या हॉटेलात तो आचारी होता. हाताला चव होती, पण तिथं वर्षानुवर्षं त्याच्याकडे एकच काम, भाज्या कापून ताटं सजवायची. ती बटणं आणायला बाजारात गेली आणि परत येऊन बघते तर नवरा आणि बारक्या डोक्याला डोकं लावून एका कागदी पिशवीवर रेघोट्या ओढत बसलेले.

"बारक्या, तू यात पडू नकोस."

"ताई," बारक्या ओशाळून म्हणाला, "पडलोय."

त्यानं हॉटेलला फोन करून नोकरी सोडल्याचं सांगूनही टाकलं होतं. तिनं डोक्याला हात लावला. भावाला बोलली, नवऱ्याला त्याहून जास्त बोलली. दोघांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रसाची यंत्रं विकायला काढली.

"आणि मशीन?" तिनं विचारलं.

"घरी नेऊ. खाण्याच्या जागेत दोऱ्याचे तुकडे नकोत. आणि तुला आता काय करायचंय ते? मालकीणबाई म्हणून गल्ल्यावर बसायचं." नवऱ्यानं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं.

खाणावळ सुरू झाली. बारक्या रोज दोन प्रकारचं सूप करायचा, भट्टीतून गरम पाव काढायचा, भाजलेली कोंबडी, ऑम्लेट, हंगामातली एखादी भाजी. पदार्थ मोजकेच, पण पहिला घास घेतल्यावर माणूस बोलता बोलता थांबायचा. आणि या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच एक दुकान चाललं. चाललं म्हणजे दुपारी लोक ताटकळत उभे राहू लागले. कॉफीवालं जोडपंसुद्धा जेवायला इकडेच यायचं.

ती गल्ल्यावर बसायची. बसायची म्हणजे प्रयत्न करायची. हातांना काम नसल्यानं ते कुठं ठेवावेत हेच तिला कळेना. नजर लोकांच्या चेहऱ्याऐवजी बाह्यांवर जायची. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. सुटे पैसे देता देता ती म्हणाली, "काढून देता का जरा?" तो बिचारा घाबरून दोन पावलं मागे सरला. घरी तिसऱ्या मजल्यावर मशीन होतं, पण तेवढे जिने चढून कोण येणार? जुनी गिऱ्हाइकं खाणावळीच्या काचेतून तिच्याकडे बघायची, हातातली पिशवी जरा वर करून दाखवायची आणि पुढे जायची.

मग तिला फिरायची सवय लागली. दुपारची गर्दी ओसरली की ती पायांत चपला सरकवायची आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सुटायची. कुठं आतून काचेवर खाकी कागद चिकटवलाय, कुठं सामान उचललं जातंय, कुठं नवी पाटी चढतेय. तिला वाटायचं, आपण हळहळ करायला फिरतोय. घड्याळजीचं दुकान बंद झालं त्या दिवशी हळहळलीही. पण कागदाला कुठं फट दिसली की तिचा डोळा आपोआप तिकडे जायचा. आत काय होणार, भिंत कुठं येणार, उजेड कुठून, याचा अंदाज बांधत ती उभी राहायची. एकदा तर आतल्या सुतारानं बाहेर येऊन विचारलं, "बाई, काही हवंय का?" काय हवंय ते तिला सांगता येईना. हे नवऱ्याचं दुखणं आपल्याला कुठून लागलं, या विचारानं ती घरी येईपर्यंत धास्तावलेली होती.

घड्याळजीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. पांढरा कोट, पांढरे केस, आणि बोलायला फटकळ. एके दिवशी त्यांनी हिला रस्त्यातच अडवलं.

"वहिनी, आहात कुठं? माझ्या कोटाचा खिसा उसवलाय. पेशंटच्या तोंडात बघायचं की खिसा धरायचा?"

"मशीन घरी आहे हो. तिसऱ्या मजल्यावर."

"मग खाली आणा. जिन्याखाली माझी अडगळीची खोली आहे. आत नुसते दातांचे साचे पडलेत. ते काही जागा मागत नाहीत."

तिनं नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "जिन्याखाली?" ती म्हणाली, "जिन्याखाली." दुसऱ्या दिवशी भर दुपारी बारक्या एप्रन न काढताच मशीन खांद्यावर घेऊन रस्त्यातून निघाला आणि लोकांनी बाजूला सरून त्याला वाट करून दिली. सकाळी जिन्याखाली, दुपारी गल्ल्यावर, संध्याकाळी पुन्हा जिन्याखाली, असा तिचा दिवस लागला. फळीवरून प्लास्टरच्या कवळ्या तिच्याकडे बघत बसायच्या. खोलीला खिडकी नव्हती, पण गिऱ्हाइकं परतली. तिचे हात ताळ्यावर आले. मन मात्र अजून टांगलेलंच होतं, कारण खाणावळीत नवऱ्याची बोटं पुन्हा टेबलावर वाजायला लागली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ती गल्ल्यावर असताना, एक गुळगुळीत दाढीचा माणूस आत आला. त्यानं टेप काढून दाराची रुंदी मोजली, मग खिडकीची. ती बघत राहिली. टेपनं मोजणारी माणसं तिला परकी नव्हती.

"कुणासाठी मोजताय?"

"कंपनीसाठी. बेकरीची आमची बरीच दुकानं आहेत. साहेबांनी सांगितलं नाही का? सोमवारी जागेच्या कागदांवर सही आहे."

तिनं हसून मान डोलावली. नवऱ्याचं वागणं परक्यापुढे उघडं पाडायचं नाही, ही सवय इतकी जुनी की चेहरा आपोआप तयार झाला. तो माणूस गेला तशी ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. बारक्या घामाघूम होऊन पाव उलटत होता आणि शीळ घालत होता.

"तुझे भावोजी कुठं गेलेत?"

"नव्या स्टेशनाकडे. हल्ली रोज जातात की. का गं?"

"काही नाही. गल्ला सांभाळ."

नव्या स्टेशनाच्या बाजूला तिचं कधी जाणं झालं नव्हतं. बसमधून उतरली तर चहूकडे काचेच्या इमारती आणि वाऱ्याला अडवायला एक झाड नाही. इमारतींच्या तळाशी नवेकोरे गाळे, सगळे रिकामे. तिसऱ्या-चौथ्या गाळ्यात तिला नवरा दिसला. आत एकटाच होता. हात पसरून भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकत होता, मध्येच थांबून मान तिरकी करून छताकडे बघत होता, स्वतःशी काहीतरी बोलत होता. चेहरा असा उजळलेला की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात शिडीवर चढून रंग देणारा माणूस तिला आठवला. ती रागानं आली होती. तो राग काचेच्या बाहेरच जरा घुटमळला.

"अहो."

तो दचकला नाही. "बरं झालं आलीस. इकडे ये. हे बघ, सकाळचं ऊन इथून येणार. इथं मांडणी. मागं सामान. आणि तुझं मशीन या खिडकीत. बाहेरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. उजेडाला तोटा नाही."

इतक्या वर्षांत मशीनला त्यानं पहिल्यांदा चांगली जागा दिली होती, आणि तीही नसलेल्या दुकानात.

"आणि विकायचं काय इथं?"

"ते बघू नंतर."

ती हसली. मग हसू जिथल्या तिथं थांबलं. कोपऱ्यात मजुरांनी सोडलेलं एक खोकं होतं, त्यावर ती बसली.

"बारक्याचं काय?"

तो पुन्हा छताकडे बघायला लागला. "त्याच्या हाताला चव आहे. कुठंही मिळेल काम."

"तुमच्या शब्दावर नोकरी सोडली त्यानं. आता कुठं जरा चाललंय. चाललेलं मोडायचं कशाला?"

"चाललंय ना?" नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला. "मग मी तिथं करू काय? सकाळी उठायचं, पीठ आलं का बघायचं, टेबलं पुसली का बघायचं. बारक्या पाव करतो, तू हिशेब करतेस, लोक खातात. मला तिथं श्वास घ्यायला होत नाही गं. बाबांच्या दुकानात असंच व्हायचं. मला वाटायचं ते गेल्यावर जाईल."

असं तो कधी बोलला नव्हता. दुकान बुडालं की जगाला नावं ठेवायचा, कधी रस्त्याला, कधी नशिबाला. चाललेल्या दुकानाबद्दल बोलायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ होती. तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं.

"सही करू नका," ती म्हणाली.

"शब्द दिलाय."

"मग मोडा. तुम्हाला काय नवीन आहे? ती जागा माझ्या आणि बारक्याच्या हातात द्या. आम्ही बघू काय ते. तुम्ही मोकळे."

'मोकळे' हा शब्द त्याला लागला. दुकानातून आपल्याला काढलं, असा अर्थ त्यानं घेतला. येताना बसमध्ये तो पुढच्या सीटवर बसला, ती मागच्या. घरी दोघं जेवले तेव्हा भांड्यांचेच काय ते आवाज.

सोमवारी दुपारी तो गुळगुळीत दाढीचा माणूस आला. नवऱ्यानं त्याला कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसवलं. कागद पसरले गेले. ती गल्ल्यावर होती आणि गिऱ्हाइकाला चुकीचे सुटे देत होती. तेवढ्यात बारक्या आतून दोन वाट्या सूप घेऊन आला. भावोजींकडे पाहुणे आलेत, तर चांगलं काही द्यावं, एवढंच त्याच्या मनात. त्यानं वाट्या ठेवल्या, पावाचे तुकडे ठेवले आणि सहज विचारलं, "कसले कागद भावोजी?"

नवऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. बारक्याच्या भुवईला पीठ लागलं होतं. त्याच्या कपाळावरचा घाम निथळत होता आणि चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. नवऱ्यानं कागद गोळा केले, त्यांच्या कडा नीट जुळवल्या आणि त्या माणसापुढे सरकवले.

"यांची जरा गफलत झाली," तो बारक्याला म्हणाला. "यांना दुसरीच जागा हवी होती." आणि त्या माणसाला म्हणाला, "सूप घ्या. गार होईल."

तो माणूस आधी लाल झाला, कंपनी, शब्द, वेळ असं काही पुटपुटला. पण वाटी पुढ्यात होती. त्यानं ती संपवली, पावानं पुसून घेतली आणि रुमालानं तोंड टिपत निघून गेला. जाताना त्यानं गल्ल्यापाशी थांबून पैसे विचारले. तिनं घेतले नाहीत.

त्यानंतर नवरा खाणावळीत यायचा बंद झाला. सकाळी बाहेर पडायचा आणि रस्त्यावर येरझाऱ्या घालायचा. जिन्याखालच्या खोलीच्या दारातून ती त्याला जाताना बघायची, येताना बघायची. पिंजऱ्यातल्या जनावरासारखा दिसतोय, असं तिच्या मनात यायचं आणि स्वतःच्या शब्दाची टोचणी लागायची.

एकदा बघते तर तो घड्याळजीच्या रिकाम्या दुकानाच्या दारात उभा. आत दोन बहिणींनी रोपांचं दुकान काढायला घेतलं होतं आणि कामगार भिंतीला फळ्या ठोकत होते.

"त्या भिंतीला नको," नवरा बाहेरूनच म्हणाला. "ती झिरपते. आतून नळ गेलाय."

थोरली म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?"

"या रस्त्यावरच्या बहुतेक भिंतींशी माझी ओळख आहे."

त्यांनी त्याला आत बोलावलं. तो गेला तो संध्याकाळीच बाहेर आला, केसांत भुसा, बाह्या दुमडलेल्या. घरी आल्यावर बसमधल्या त्या प्रवासानंतर पहिल्यांदा तो आपणहून बोलला, आणि बोलला तो थेट नळाबद्दल, उन्हाबद्दल, कुंड्यांची उतरंड कशी असावी त्याबद्दल. ती नुसती ऐकत राहिली. आपण काही सुचवलं तर तो हट्टानं उलटं करील, एवढं इतक्या वर्षांत तिला कळलं होतं.

बहिणींनी त्याचं नाव पुढे एकाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला. हळूहळू असं झालं की रस्त्यावर कुठंही काचेला खाकी कागद चढला की आत पाटीवाले असायचेच. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. एका चष्मेवाल्याशी रंगावरून त्याचं इतकं वाजलं की त्यानं याला हाताला धरून बाहेर काढलं. दोन दिवस तो तोंड पाडून पलंगावर पडून होता. तिसऱ्या दिवशी एक न्हावी बोलवायला आला, आणि हा चहा अर्धा टाकून गेला. दुकान उघडलं की त्याचं तिथलं काम संपायचं. लोक गोड खायला बोलवायचे, तो जायचाही नाही. खाणावळीत मात्र आता तो गिऱ्हाइकासारखा येऊन बसायचा, सूप प्यायचा आणि बारक्याला म्हणायचा, "ही भिंत जरा मागे घेतली तर?" बारक्या म्हणायचा, "भावोजी, पाव घ्या."

तिला आता खरं तर स्वस्थ बसायला हरकत नव्हती. मशीन होतं, गिऱ्हाइकं होती, नवरा कामात होता. पण जिन्याखालच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत ती एकाच आठवड्यात मशीन या भिंतीचं त्या भिंतीला, आणि पुन्हा या भिंतीला लावून बघत होती. त्याच सुमारास डॉक्टरीणबाई खाली आल्या आणि साच्यांच्या पेट्या उचलायला लागल्या.

"दवाखाना बंद करतेय वहिनी. लेकीकडे जातेय राहायला. तुम्ही इथं राहा, घरमालकाला मी सांगितलंय. त्याची हरकत नाही."

"आणि वरची जागा?"

"ती मोकळी होणार. का हो?"

वरचं सामान हललं त्या सकाळी तिनं किल्ली मागून घेतली. नवरा रस्त्यातून चालला होता, त्यानं तिला जिन्याकडे वळताना पाहिलं आणि विचारायची गरजच पडली नाही. त्याच्या डोळ्यांत ती चमक आली.

"थांब, मी येतो. वरती उत्तरेचा उजेड आहे. तिथं मधली भिंत काढली तर..."

"तुम्ही खालीच थांबा," ती म्हणाली.

वर खोली रिकामी झाली होती. दातांची खुर्ची काढली तिथं फरशीवर बोल्टांची भोकं उरली होती आणि अजून औषधाचा उग्र वास येत होता. रस्त्याच्या बाजूला ओळीनं मोठ्या खिडक्या. तिनं एकेक उघडली. खाली गाड्यांचे भोंगे, पलीकडे कुणाच्या तरी पाटीवर घाव घालणारा हातोडा, बारक्याच्या भट्टीचा धूर. ती एका खिडकीपाशी उभी राहिली, मग दुसऱ्या. इथं मशीन. नाही, तिथं. आणि दोन मशीन लावली तर? एक आपलं, दुसरं कुणी शिकायला आलं तर त्याला. कापडाला लांब टेबल हवं. आरसा हवा. हात पसरून तिनं भिंतीपर्यंत पावलं टाकली.

खालून नवऱ्याची हाक आली, "मोजायला टेप देऊ का?"

टेप तिच्या गळ्यातच होती. ती काढून तिनं एक टोक फरशीवर पायाखाली दाबलं आणि खिडकीची उंची घ्यायला दुसरं टोक वर नेलं.